घरी न्यायचं नाही

९ सप्टेंबर, सोमवार

आज शाळा सुटताना एक चांगली गोष्ट झाली, म्हणून लिहिते. एरवी सोमवारबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं.

सहावीतली चिमणी पुन्हा रडत माझ्या खोलीत आली. हे नाव तिच्या आवाजावरून आम्ही शिक्षकांनीच पाडलं. ती बोलली की खिडकीबाहेर पाहावंसं वाटतं. तक्रार नेहमीचीच. वर्गाची मॉनिटर तिच्या डब्यात खडूचा भुगा टाकते आणि ती वाचायला उठली की मागच्या मुलींना चिवचिवायला लावते. या सत्रातली ही तिसरी तक्रार. मॉनिटरला बोलावलं. उंच, नीटनेटकी, बोलायला गोड मुलगी. ‘चुकलं मॅडम’ म्हणायला तिला कधी वेळ लागत नाही. मग शाळेच्या पद्धतीप्रमाणे दोघींना टेबलासमोर उभं करून हात मिळवायला लावले.

पद्धत सासूबाईंची. त्यांनी शाळा काढली तेव्हापासूनची. दर्शनी भिंतीवर त्यांची पाटीच आहे: ‘शाळेतलं भांडण शाळेत मिटवू, घरी नेणार नाही.’ भांडलेल्या मुलांनी पर्यवेक्षिकेसमोर, म्हणजे माझ्यासमोर, हात मिळवायचे आणि मी ‘मिटलं’ म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. नंतर घरी अवाक्षर काढायचं नाही.

मॉनिटरने दोन्ही हातांनी चिमणीचा हात धरला, अगदी मनापासून. चिमणी आधी अवघडली, मग तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि डोळे भरून आले. तोंडातून हुंदक्यासारखा आवाजही निघाला. मी मुद्दाम जरा थांबले. साचलेलं वाहून गेलेलं बरं. चिमणी मॉनिटरकडे नाही, सारखी माझ्याकडेच बघत होती. मग मी ‘मिटलं’ म्हटलं. ‘बघ, किती हलकं वाटतं! आता घरी न्यायचं नाही, हं.’ तिने मान हलवली.

एकच शंका राहते. दोघींची बाकं बदलायला हवी होती का? मागच्या महिन्यात ताईंना विचारलं होतं. (ताई म्हणजे थोरल्या जाऊबाई, आमच्या मुख्याध्यापिका.) त्या म्हणाल्या, ‘आज बाक बदलून दिलंस तर उद्या वर्ग बदला म्हणतील, परवा शाळा. तू फार हळवी आहेस बाई, त्याची लागण पोरांना होते.’ असेलही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सहावीच्या वर्गशिक्षिका वैतागल्या आहेत. चिमणी लिहीतच नाही म्हणे. हात मांडीखाली घेऊन बसते, फारच रागावलं तर डाव्या हाताने गिरगटते. ‘नाटकं सगळी,’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, रुसली असेल, जरा सबुरीने घ्या. मॉनिटर मात्र सुधारली आहे. चिमणीचं दप्तर उचलून देताना मी तिला स्वतः पाहिलं. पद्धतीत काहीतरी आहे खरं.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे सगळे सासूबाईंकडे जेवायला. शाळेच्या आवारातच आमची इमारत: खाली सासूबाई, मधे भाऊजी आणि ताई, वर आम्ही दोघं. घरून निघून घरीच पोचायचं. भाऊजी शाळेचे अध्यक्ष, त्यामुळे जेवताना विषयही शाळेचेच. आज ताई म्हणाल्या, ‘आमची धाकटी म्हणजे कापूस. कुठेही कोंबा, आवाज नाही!’ सगळे हसले. मीही हसले, वाक्य जमलं होतं. मग ताट तसंच ठेवून उठले, तर सासूबाई म्हणाल्या, ‘ताटावरून उठायचं नसतं. बस. आणि तू गं, उगाच टोचू नकोस तिला. मिटलं ना?’ मी मिटलं म्हटलं. सासूबाईंचं एक बरं आहे, त्या काहीही चिघळू देत नाहीत.

१८ सप्टेंबर, बुधवार

चिमणीची आई आली होती. चष्म्याच्या दुकानात काम करते. सोबत चिमणी, उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर.

करंगळीचं हाड मुळाशी मोडलं आहे. दुखापत जुनी आहे आणि हाड वाकडं जुळायला लागलंय. लगेच आणली असती तर नुसती पट्टी बांधून भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता शस्त्रक्रिया करायची, आणि एवढं करूनही बोट पूर्ण वळेल याची खात्री नाही.

‘बाही ओढून ओढून हात लपवत होती,’ आई सांगत होती. ‘वेणी घालताना रबर दे म्हटलं, तर देईना. हात धरला तर किंचाळली.’

मी चिमणीला विचारलं, ‘बाळा, कुठे लागलं?’ तिने माझ्याकडे विचित्रच पाहिलं. उत्तर देऊन झाल्यावरही बाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला की मुलं बघतात, तसं.

‘शाळेत.’

‘शाळेत कुठे?’

ताई पुढे झाल्या. ‘जिन्यात पडलीस का?’

‘हो.’

‘का रिक्षात चढताना पडलीस?’

‘हो.’

‘बघा,’ ताई आईला म्हणाल्या, ‘हिला सगळ्यालाच हो म्हणायचंय. घरीच कुठे पडली नसेल कशावरून?’

‘मॅडम, आमची एक खोली,’ आई म्हणाली. ‘त्यात पडायचं म्हटलं तरी जागा करावी लागेल.’

त्या गेल्यावर मी जिना तपासला, कठडा हलवून पाहिला, मैदानावरच्या झोपाळ्याच्या साखळ्या पाहिल्या. मॉनिटरलाही विचारलं. ‘मी कसं करेन मॅडम? आमचं तर तुमच्यासमोर मिटलंय.’ डोळ्याला डोळा देऊन म्हणाली. खोटं बोलणारी मुलं असं बघत नाहीत.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आईने वकील केला, नोटीस आली. शाळेतल्या छळामुळे मुलीला इजा झाली, शाळा जबाबदार, शाळेने भरपाई द्यावी.

आमचे वकील शाळेचे जुने हितचिंतक, स्थूल गृहस्थ. सतत खोकल्याची गोळी चघळतात. त्यांनी सगळं सोपं करून सांगितलं. ‘मूल फाटकातून आत आलं की शाळा त्याची आई, असंच कायदा धरतो. पण सख्खी आई तरी डोळ्यांत तेल घालून किती बसणार? म्हणून कोर्ट दोन गोष्टी विचारतं. त्रास होतोय हे शाळेला ठाऊक होतं का? आणि इजा शाळेच्या नजरेखाली झाली का? पहिलीबाबत तीन तक्रारी आहेत, नाकारता येत नाही. पण आपण समेट घडवला, म्हणजे हातावर हात ठेवून बसलो नाही. दुसरी आपल्या बाजूने. कुठे झालं ते त्यांनाच सांगता येत नाही. ज्या दुखण्याला जागाच नाही, ते शाळेच्या माथी कसं मारणार?’

भाऊजींच्या चेहऱ्यावर रंग आला. ताई म्हणाल्या, ‘आणि ते हात मिळवणं आहे ना, ती सगळी हिची कल्पना बरं का. हिचाच उपक्रम.’ सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. वकिलांनी टिपून घेतलं.

मी म्हणणार होते की नाही, पद्धत सासूबाईंची. पण लग्न होऊन या घरात आल्यापासून ताईंनी परक्या माणसासमोर माझं कौतुक पहिल्यांदाच केलं, तेव्हा मी नुसती हसले. दुसऱ्याचं श्रेय आपण घेऊ नये. उद्या सांगेन.

दर्शनी भिंत रंगवायला काढलीय, तीही परीक्षेच्या तोंडावर. सासूबाईंची पाटीसुद्धा उतरवून ठेवली. ताईंना कधी काय सुचेल!

३० सप्टेंबर, सोमवार

चिमणीला बघायला गेले. ताईंना न विचारता. शस्त्रक्रिया झाली आहे, बोटात तार घातली आहे.

एकच खोली, पण लख्ख. भिंतीवर अक्षरं लहान लहान होत जाणारा डोळे तपासायचा तक्ता टांगलेला. आई कामावर निघायच्या घाईत होती. ‘बसा, पण तिला प्रश्न विचारू नका,’ म्हणाली आणि पाणी आणायला मोरीकडे वळली.

मी नेलेलं चित्रांचं पुस्तक पुढे केलं. चिमणीने ते घेतलं नाही. मी जवळ वाकले तशी तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले, प्लास्टरचासुद्धा. आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, ‘मी घरी नाही नेलं मॅडम. आईने खूप विचारलं तरी नाही सांगितलं. मिटलंय.’

मी विचारलं, ‘काय मिटलंय, बाळा?’

‘तुमच्या खोलीतलं.’

आई पाणी घेऊन आली. मी प्यायले. पुढचं काही आठवत नाही. पुस्तक परत घेऊन आले, ते पिशवीत तसंच आहे.

१ ऑक्टोबर, मंगळवार

दोन्ही हातांनी धरला होता. एका हाताने तळवा, दुसऱ्याने करंगळी.

मी बघत होते.

३ ऑक्टोबर, गुरुवार

शेवटी ह्यांना सांगितलं. त्यांच्या औषधांच्या दुकानातून दुपारी जेवायला आले होते. ऐकता ऐकता जेवण थांबलं.

‘तुला खात्री आहे?’

‘तिच्या तोंडून आवाज आला. मी ऐकला.’

‘हुंदका असेल.’

‘मीही तेच लिहून ठेवलंय.’

‘लिहून ठेवलंयस?’ ह्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला. ‘हे बघ, मी औषधं विकणारा माणूस. एक सांगतो, डोकं दुखतंय म्हणून माणूस येतो आणि निम्म्या वेळा दुखत असतं भलतंच. तू थकलीयेस. भावना आणि पुरावा यांत फरक असतो.’

‘त्या पोरीचं बोट वळणार नाही.’

‘माहितीय गं. पण तू बोललीस तर आईचं, दादाचं, आपलं सगळंच वळेनासं होईल.’ मग स्वतःच म्हणाले, ‘वाईट विनोद झाला.’ आणि जवळ येऊन बसले. ‘एवढ्यात कुणाला बोलू नकोस. मीही नाही बोलत.’

ह्यांच्याइतका आधार दुसऱ्या कुणाचा नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी चहाच्या वेळी ताई वर आल्या. त्या कधी वर येत नाहीत. येतानाच म्हणाल्या, ‘काय गं हे, मनाला काय लावून घेतलंस? खोलीत झालं म्हणे!’

ह्यांनी बोलणार नाही म्हटलं होतं. भाऊजींना सांगणं म्हणजे बोलणं नव्हे, असं वाटलं असेल.

ताईंनी खूप समजावलं. आवाज चढवला नाही. ‘तू प्रामाणिक आहेस हेच तुझं दुखणं. वर्गात शाई सांडली तरी तुला वाटतं, आपलंच चुकलं. आठवतंय, ती सहलीची बस उशिरा आली तेव्हा तू रडली होतीस? बसवाला नव्हता रडला.’ हे खरं आहे. ‘आता मुलगी म्हणाली खोलीतलं मिटलं, म्हणजे भांडण मिटलं. त्यावरून हाड मोडलं कुठून काढलंस?’

मी म्हटलं, चेहरा पांढरा पडला होता.

‘खरंच पडला होता, की आता तुला पांढरा दिसतोय?’

त्या गेल्यावर डोळे मिटून तो चेहरा पुन्हा आणायचा प्रयत्न केला. पांढरा आला. मग मुद्दाम गुलाबी आणून पाहिला, तर तोही आला. माझ्यासारख्या माणसाची साक्ष तरी कोणी का काढावी?

मग मागचं पान उघडलं. ‘पांढराफटक’ असंच आहे, माझ्याच अक्षरात. तेव्हा मला कशाचीच भीती नव्हती.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वकिलांच्या कार्यालयात. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी हात वर केला. ‘मॅडम, तुम्ही मला काही सांगू नका. ऐकलं की मला ते माहीत होतं. काय ते “समजा” लावून विचारा.’

‘समजा, माझ्या खोलीत, माझ्यासमोर झालं असेल तर?’

गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. ‘समजा असं झालं, तर नजरेखाली झालं. मग प्रश्न उरतो, ही पद्धत कुणाची? शाळेची असेल तर शाळा गोत्यात. नुसतं नजर ठेवण्यात चुकणं नाही, शाळेनेच मुलीचा हात तिच्या हातात दिला, असं होतं. पण समजा, एका शिक्षिकेने स्वतःच्या मनाने चालवलेला प्रकार असेल, शाळेचा असा काही नियमच नसेल, तर शाळा म्हणू शकते, आम्हाला कल्पना नव्हती.’

‘नियमच नाहीये,’ ताई म्हणाल्या. ‘सांगितलं होतं ना तुम्हाला पहिल्याच दिवशी? हिचा उपक्रम.’

भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले. मी ताईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे अगदी पहिल्या दिवशीसारख्याच कौतुकाने बघत होत्या.

‘आणि मग चिमणीला भरपाई?’ मी विचारलं.

‘तुमच्याकडून मागावी लागेल,’ वकील म्हणाले. ‘तुमच्या नावावर काय आहे?’

काही नाही. सगळं संस्थेचं, नाहीतर सासूबाईंचं.

‘हे बघ,’ भाऊजी खिडकीकडे तोंड करूनच बोलले, ‘सगळ्यांत सोपं म्हणजे काही झालंच नाही. दुसरा मार्ग, झालं आणि तुझ्याकडून झालं. मग आम्ही आहोतच तुला सांभाळायला. शाळा राहिली तर तू राहशील. शाळाच गेली तर कोण कुणाला सांभाळणार?’

जिना उतरताना वकील मागून आले. हळूच म्हणाले, ‘मॅडम, मी शाळेचा वकील. तुमचा नाही. तेवढं ध्यानात असू द्या.’ आणि मला एक गोळी दिली.

२ नोव्हेंबर, शनिवार

मी बोलले नाही तर चिमणीच्या दुखण्याला जागाच नाही, दावा गेला. माझंच चुकलं म्हटलं तर दावा माझ्यावर येतो, आणि मी म्हणजे रिकामी पिशवी, तिच्या हाती काही लागत नाही. शाळेची पद्धत म्हटलं तर शाळा जाते, आणि मी त्याच शाळेच्या आवारात, त्याच माणसांच्या डोक्यावर राहते. रोज हेच तिन्ही बाजूंनी ढकलून बघते. कुठलंही दार उघडलं तरी आत कुणीतरी उभं असतंच.

आज धीर करून खाली सासूबाईंकडे गेले. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. पाटी उतरवल्याचंही नाही. गुडघ्यांमुळे त्या शाळेत जात नाहीत. मी सगळं सांगितलं. त्या ताठ बसून ऐकत होत्या.

‘माझी पद्धत,’ त्या म्हणाल्या. ‘तिचा उपक्रम म्हणजे काय? ती आली कधी, शाळा निघाली कधी!’

मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचे पायच धरले असते.

‘आणि त्यात वाईट काय आहे? हात मिळवून कधी कुणाचं नुकसान झालंय? एखादी कार्टी द्वाड निघाली, त्याला पद्धत काय करणार? आणि कोर्टात कशाला जायचं? उगाच चव्हाट्यावर. तू असं कर, त्या दोघींना इथे घेऊन ये. आयांनाही बोलाव. माझ्यासमोर दोघींना हात...’

वाक्य तिथेच थांबलं. त्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. शिरा वर आलेले, वळायचे थांबलेले हात.

‘कुठल्या हाताचं बोट?’ त्यांनी विचारलं.

‘उजव्या.’

‘लिहायचा हात.’ मग डोळे न उचलता म्हणाल्या, ‘आता वर जा. आणि यातलं थोरलीला सांगू नकोस, घर फुटायचं. घरातलं घरात राहू दे.’

१९ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या साक्ष. चिमणीच्या वकील बाईंनी मला बोलावलंय. आज जेवायला ताईंनी स्वतः वाढलं. ‘पोटभर जेव,’ म्हणाल्या. सासूबाई आजारी असल्यासारख्या लवकर उठल्या. ताटावरून.

२० नोव्हेंबर, बुधवार

जसं झालं तसं लिहिते.

चिमणीच्या वकील बाई तरुण आहेत, आवाज बसलेला. त्यांना वाटलं होतं मी फक्त तक्रारींबद्दल सांगेन. तक्रारींचं झाल्यावर त्या खाली बसणार, तेवढ्यात मीच म्हटलं, ‘इजा माझ्या खोलीत झाली.’

त्या उभ्याच राहिल्या. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

‘तुम्ही तिथे होता?’

‘हो. दोघी टेबलापलीकडे होत्या. हात मिळवायला मीच सांगितलं.’

‘हात किती वेळ धरलेले होते?’

‘मी “मिटलं” म्हणेपर्यंत.’

‘तुम्ही केव्हा म्हणालात?’

‘उशिरा.’

‘का?’

‘ती रडत होती. मला वाटलं, होऊ दे तिचं रडून.’

मागे कुणाची तरी खुर्ची सरकली. भाऊजी बाहेर गेले असतील. मी वळून पाहिलं नाही.

आमचे वकील उठले. आज गोळी नव्हती तोंडात. कागदाकडे बघत म्हणाले, ‘हा तुमचा वैयक्तिक उपक्रम होता. शाळेचा असा नियम नव्हता. बरोबर?’ प्रश्न विचारून ते लगेच पुढचा कागद उलटायला लागले, जणू माझं उत्तर झालंच होतं.

मी सांगितलं, पद्धत शाळेची. माझं लग्न होऊन मी इथे आले, त्याच्याही आधीपासूनची. सप्टेंबरपर्यंत भिंतीवर पाटी होती. हात मिळवायला लावणं माझ्या डोक्यातलं नाही. बघत मात्र मीच होते.

ताई माझ्याकडे एकटक बघत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. कापसातून आवाज आल्यासारखं आश्चर्य होतं.

पुढची तारीख पडली. बाहेर व्हरांड्यात चिमणीची आई एकटीच खांबाला टेकून उभी होती. माझे आभार मानेल, असं मनात कुठेतरी होतं. लिहायला लाज वाटते, पण होतं.

‘तुम्ही बघत होतात,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘मी तिला रोज विचारत होते, कुणी केलं, कुठे केलं. तिचं एकच, मॅडमना माहितीय. मला वाटायचं, मॅडमना विचार असं म्हणतेय. म्हणून तर तुमच्याकडे आले मी. आणि तुम्हीच तिला विचारलंत, कुठे लागलं.’

मला वाटत होतं, चिमणीने आमची गोष्ट लपवली. तिच्या लेखी माझ्यापासून लपलेलं काही नव्हतंच. मी पाहिलं, थांबले, आणि मग घरी न्यायचं नाही म्हणाले. तिला ते असंच दिसलं. तिने हुकूम पाळला.

‘आता घरी जाऊन तिला काय सांगू?’ आईने विचारलं. ‘मॅडमना माहीत नव्हतं, असं सांगू?’

‘मी येऊन सांगते तिला.’

‘नको. तुमच्यासमोर ती नुसती मान हलवते. तुम्ही काहीही म्हणालात तरी ती हो म्हणेल.’ ती खांबापासून सरळ झाली. ‘माहीत होतं की नव्हतं?’ शेवटची बारीक ओळ वाचता येते की नाही, असं दुकानात गिऱ्हाईकाला विचारत असेल, तसं विचारलं. घाई नाही, दया नाही.

‘दिसलं होतं,’ मी म्हटलं. ‘कळलं नव्हतं.’

‘एवढं तिला नाही समजायचं मॅडम. एक काय ते सांगा.’

माहीत नव्हतं म्हटलं असतं, तर चिमणीच्या मनात मी जरा बरी झाले असते. ते माझ्याच सोयीचं होतं, म्हणून तोंडातून निघालं नाही.

‘दिसलं होतं म्हणून सांगा.’

आईने मान डोलावली. पदराने कपाळ पुसलं, मग तोच पदर तोंडावर दाबून धरला. ‘म्हणजे पोरगी खरंच सांगत होती. मॅडमना माहितीय, मॅडमना माहितीय. आणि मी तिला मारलं, खोटं बोलते म्हणून. तिचा हात दुखत असताना.’

दुसरा कुठलातरी खटला पुकारला. मग ती गेली, कामाची वेळ झाली होती.

खाली गाडीत हे बसले होते. बाजूचं दार आतून उघडून दिलं. बराच वेळ गाडी सुरूच करेनात. मग विचारलं, ‘घरीच ना?’

‘दुसरीकडे कुठे?’ असं म्हणणार होते, तर त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं की त्यांनी खरंच विचारलं होतं. पण दोघांनाही दुसरं नाव सुचेना.

आवारात शाळा सुटत होती, म्हणून गाडी लांबच उभी करावी लागली. इमारतीत शिरलो तर सासूबाईंचं दार उघडं, ताट मांडल्याचा आवाज. मधल्या मजल्यावर ताईंचंही दार उघडं. आम्हाला वर जायला दुसरा जिना नाही.